नेगेवमधली शेते पाहावयास जाताना

पेसाहच्या आधीचे चार-सहा आठवडे हे नेगेवमध्ये हिंडण्याचे खरे दिवस. पाऊस सरत आलेला असतो, ऊन अजून चटका देत नाही, आणि एरवी राखाडी दिसणाऱ्या टेकड्यांवर हिरवी साय धरलेली असते. येरुहामजवळच्या राखीव जागेत गर्द जांभळे इरुस फुललेले असतात. आपली मंडळी फुले पाहतात, मित्स्पे रामोनच्या कड्यावर उभे राहून फोटो काढतात आणि संध्याकाळी घरी परततात. त्याच रस्त्याला लागून एकेका कुटुंबाची लहान लहान शेते आहेत. तिकडे फार थोडे जण वळतात, आणि वळले तरी चीज चाखून, एखादी बाटली विकत घेऊन निघतात.

आम्ही बेर-शेवा, दिमोना आणि येरुहाम येथील काही निवृत्त मंडळी गेली काही वर्षे दर वसंतात ही शेते पाहत आलो आहोत. मार्गदर्शक नाही, संस्थेची बस नाही. दोन मोटारी, घरचा डबा आणि आदल्या दिवशी केलेले दोन-चार फोन एवढीच तयारी. अशी फेरी कशी करावी हे या लेखात सांगावयाचे आहेच, पण त्याहून अधिक, शेतात गेल्यावर नेमके काय पाहावे हे सांगावयाचे आहे. बरोबर समजावून सांगणारा नसला की सारे आपल्याच डोळ्यांवर अवलंबून असते. आणि आमचे म्हणणे असे की आपल्या पिढीचे डोळे या कामाला फार चांगले आहेत. आपली आडनावेच पाहा. पेणकर, रोहेकर, नवगावकर. प्रत्येकाच्या नावात कुलाबा जिल्ह्यातले एक गाव आहे. बांध, खाचर, लेंडीखत, गुंठा हे शब्द आपल्याला कोणी शिकवावे लागत नाहीत.

‘कायमा’ आणि कायम

या शेतांच्या फलकांवर हल्ली ‘हक्लाउत बत-कायमा’ असे शब्द दिसतात. मराठी वर्तमानपत्रांत त्याला शाश्वत शेती म्हणतात. आम्हांला मात्र यातला ‘कायमा’ हा शब्दच अधिक बोलका वाटतो. मराठीतला ‘कायम’ हा शब्द अरबीतून आला आहे, आणि अरबी व हिब्रू या बहिणी-बहिणी. दोन्ही शब्दांच्या मुळाशी एकच धातू आहे: उभे राहणे, टिकून राहणे. तेव्हा ही कायम राहणारी शेती.

सेंद्रिय शेती आणि ही शेती एकच, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. सेंद्रिय शेतीला प्रमाणपत्र लागते. रासायनिक खत वापरावयाचे नाही, विषारी फवारे मारावयाचे नाहीत, असे तिचे नियम असतात. पण एखादे शेत पूर्ण सेंद्रिय असूनही जमिनीखालचे पाणी वारेमाप उपसत असेल, तर ते कायम कसे राहील? कायम राहणाऱ्या शेतीचे तीन हिशेब जुळावे लागतात: पाण्याचा, मातीचा आणि माणसाचा. जेवढे येते त्याहून जास्त पाणी खर्चावयाचे नाही. मातीतून जे घेतले ते तिला परत द्यावयाचे. आणि शेतावर राबणाऱ्या कुटुंबाला त्यावर पोट भरता आले पाहिजे, नाहीतर पुढच्या पिढीत शेत ओसाडच पडावयाचे. कोणत्याही शेतात गेलात तर या तीन गोष्टी पाहाव्यात. बाकीचे फलकावर लिहिलेले असतेच.

पाण्याचा हिशेब

अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. स्दे बोकेर आणि अवदातच्या भागात सरासरी नव्वद मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे आषाढात एका दिवसात जेवढा कोसळतो, तेवढा येथे सबंध वर्षात. एखाद्या वर्षी त्याच्या निम्माही नाही. आणि तरीही सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी याच अवदातच्या आसपास द्राक्षमळे होते. तेथल्या अवशेषांत द्राक्षे तुडवून रस काढण्याच्या जागा आजही दिसतात. अवदात हे मुळात नबाती व्यापाऱ्यांच्या काफिल्यांचे ठाणे. २००५ साली युनेस्कोने नेगेवमधल्या अशा चार प्राचीन नगरांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांतले हे एक.

एवढ्याशा पावसावर मळा कसा जगत असेल? याचे उत्तर येथल्या मातीत आहे. ही पिवळसर बारीक माती वाऱ्याबरोबर येऊन साचलेली आहे. तिला लोस म्हणतात. पावसाचे पहिले थेंब पडले की तिच्या वरच्या थराची पापडी होते आणि पुढचे पाणी आत न मुरता उतारावरून वाहू लागते. शेतकऱ्याला ही खोड वाटेल. पण त्या जुन्या लोकांनी तिचाच उपयोग करून घेतला. टेकडीवरचे पाणी चर काढून खाली नालीकडे वळवले, आणि नालीत आडवे दगडी बांध घालून ते अडवले. टेकडीवरचे दगडही त्यांनी वेचून ढीग करून ठेवले आहेत. उघडी माती पाणी अधिक वेगाने सोडते, म्हणून हे केले असावे, असे मत अभ्यासकांनी मांडले.

शिक्षकाची सवय सुटत नाही, म्हणून येथे एक लहानसे गणित मांडतो. एक दुनाम म्हणजे हजार चौरस मीटर, आपले सुमारे दहा गुंठे. एका दुनामावर नव्वद मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे नव्वद घनमीटर पाणी झाले. आता एका दुनामाच्या शेताला वरची वीस दुनाम टेकडी जोडली आहे असे समजा. टेकडीवर पडले १८०० घनमीटर. त्यातले शंभरातले पंधरा भाग जरी वाहून खाली आले, तरी २७० घनमीटर झाले. शेतावर थेट पडलेले नव्वद त्यात मिळवा, म्हणजे ३६०. याचा अर्थ, नव्वद मिलिमीटरच्या मुलखात त्या एका दुनामाला चौपट पावसाचे पाणी मिळाले. एवढ्यावर द्राक्ष, बदाम, अंजीर जगू शकते.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. मायकेल एवेनारी नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९५०च्या दशकाच्या अखेरीस अवदात आणि शिव्ता येथे जुने बांध दुरुस्त केले आणि नळाचे पाणी न देता, केवळ वाहून आलेल्या पावसाच्या पाण्यावर बदाम, पिस्ते, जर्दाळू, द्राक्षे वाढवून दाखवली. अवदातच्या टेकडीच्या पायथ्याशी हे शेत आहे. रस्त्यावरून जाताना भोवतालच्या उजाड मुलखात झाडांचा एक पट्टा उठून दिसतो, तोच तो.

कोकणात आपण बांध घालत होतो ते खाचरात भातापुरते पाणी ठेवून जास्तीचे सोडून देण्यासाठी. येथे बांध घालतात ते आलेला थेंबही खाली जाऊ नये म्हणून. काम उलटे, पण दगडावर दगड बसवण्याची रीत तीच. आमच्यातल्या एका गृहस्थांनी असा बांध पाहताच त्याचा सांडवा कोठे आहे हे विचारले, आणि शेतमालकाने त्यांना मोठ्या कौतुकाने तो नेऊन दाखवला. पाहणाऱ्याला काय विचारावे हे ठाऊक असले की शेतमालकही मोकळा होतो, असा आमचा अनुभव आहे.

रस्ता क्रमांक ४०

आता प्रत्यक्ष वाट. बेर-शेव्याहून रस्ता क्रमांक ४० धरून दक्षिणेस निघावे. दिमोना-येरुहामच्या मंडळींनी रस्ता क्रमांक २०४ ने यावे. तो हलुकिम जंक्शनला याच रस्त्याला मिळतो. तलालीम ते स्दे बोकेर या पट्ट्यात शेळ्यांची शेते आहेत. कोर्नमेल आणि नाओत ही त्यांतली दोन नावाजलेली. स्दे बोकेर ओलांडून अवदातकडे जाताना कार्मेई अवदात हे द्राक्षाचे शेत लागते. त्याचा मळा प्राचीन बांधांच्या जागीच लावलेला आहे. सबंध वाट बेर-शेव्यापासून अवदातपर्यंत तासाभराच्या आतबाहेरची आहे.

एका दिवसात दोन शेते पुरेत. तीन केलीत तर तिसऱ्या ठिकाणी कोणाचे लक्ष लागत नाही. आम्ही साधारण असा क्रम ठेवतो: सकाळी लवकर शेळ्यांचे शेत, मग स्दे बोकेरला विसावा, मग अवदात व त्याच्या अलीकडचा मळा. स्दे बोकेरला बेन-गुरियन १९५३ साली राहावयास आले, तेव्हा त्या किबुत्सला सुमारे दीड वर्ष झाले होते. पंतप्रधानपद सोडून आलेल्या माणसाने तेथे मेंढ्यांच्या गोठ्यात काम केले. त्यांची साधी लाकडी झोपडी पाहावयास मिळते. थोडे पुढे त्यांची व पावला बेन-गुरियन यांची कबर आहे. तेथील वाट फरसबंद असल्याने काठी टेकत जाणाऱ्यांनाही त्रास होत नाही. समोर त्सिन नदीचे खोरे पसरलेले असते आणि आसपास रानबकऱ्या, येथले याएल, निर्धास्त चरताना दिसतात.

वसंतातच का जावे, याचेही कारण सांगितले पाहिजे. हिवाळ्याच्या अखेरीस शेळ्या वितात, म्हणून या दिवसांत करडे असतात आणि दूध भरपूर असते. द्राक्षवेल मार्चच्या अखेरीस फुटू लागते. पाने लहान असतात म्हणून वेलीची छाटणी व बांधणी स्पष्ट दिसते. नाशिककडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा, एप्रिलात आणि ऑक्टोबरात करतात, हे काहींना आठवत असेल. येथे ती एकदाच, हिवाळ्यात होते, कारण येथली वेल थंडीत पाने गाळून झोपी जाते. उन्हाळ्यात गेलात तर पाने, धूळ आणि घाम एवढेच हाती लागेल.

शेळीवरचा ठपका

शेळीच्या शेतावर गेल्यावर मातीचा हिशेब पाहावा. त्यासाठी थोडा इतिहास ठाऊक असावा. राज्य स्थापन झाल्यावर १९५० साली शेळ्यांमुळे होणाऱ्या नुकसानीपासून झाडांना वाचवण्यासाठी कायदा झाला. लोक त्याला काळ्या शेळीचा कायदा म्हणत. शेळी कोवळे कोंब खाते, रान उघडे करते, असे तेव्हाचे म्हणणे. त्या कायद्याने शेळ्या चारण्यावर कडक बंधने आली, आणि ज्यांचे पोट शेळ्यांवर होते त्या अरब व बेदुईन कुटुंबांना त्याची झळ बसली. पुढे असे ध्यानात आले की शेळ्या रानात जाईनाशा झाल्या की खालची झुडपे माजतात, उन्हाळ्यात वाळतात आणि वणवा त्यांतूनच पसरतो. अखेर २०१८ साली क्नेसेटने तो कायदा रद्द केला.

तात्पर्य असे की दोष शेळीचा नसतो. एका जागी किती शेळ्या, किती दिवस चरतात यावर सारे अवलंबून असते. म्हणून शेतावर गेल्यावर विचारावे: शेळ्या बाहेर चरावयास जातात का? रोज तीच टेकडी की आलटून पालटून? चारा किती विकत आणावा लागतो? लेंडीखत कोठे जाते? चांगल्या शेतावर लेंडीखत कुजवून झाडांना दिलेले आढळते. चक्का बांधल्यावर जसे पाणी गळते, तसे चीज करतानाही पुष्कळ पाणी सुटते. त्याचे काय करतात, हेही विचारावे. ते उघड्यावर सोडले तर माती बिघडते आणि माश्या होतात. जपून वापरले तर जनावरांच्याही उपयोगी पडते. या एका प्रश्नाच्या उत्तरावरून शेत कसे चालते ते बरेचसे कळते.

खारे पाणी, गोडे फळ

आज नेगेवमधली सगळीच शेती पावसावर चालते असे मात्र समजू नये. बहुतेक ठिकाणी ठिबक सिंचन आहे. त्याची कथा आपल्याला जवळची आहे, कारण तिचा एक धागा बेर-शेव्याला तर दुसरा महाराष्ट्राला बांधलेला आहे. बेर-शेव्याजवळच्या हात्सेरिम किबुत्सने सिमखा ब्लास या अभियंत्याबरोबर १९६५ साली नेताफिम ही कंपनी काढली आणि थेंबाथेंबाने पाणी देणाऱ्या नळ्या जगभर गेल्या. महाराष्ट्रात हे तंत्र केळी, द्राक्षे, डाळिंबे यांच्या बागांत रुजले. पुढे २००७ साली जळगावच्या जैन इरिगेशन कंपनीने नाआन आणि दान या किबुत्सांच्या ठिबक कंपनीत निम्मी भागीदारी घेतली.

पण नळीतून येते ते पाणी कोणते? हे विचारावयास विसरू नये. या देशात सांडपाण्याचा फार मोठा भाग, शंभरातले पंच्याऐंशीहून अधिक भाग, शुद्ध करून पुन्हा वापरतात, आणि ते मुख्यतः शेतीला जाते. दुसरे पाणी जमिनीखालचे, मचूळ. रेविविम किबुत्समध्ये जैतुनाच्या झाडांना हे मचूळ पाणी देतात. जैतून ते सोसते, आणि तेलही उत्तम निघते. हे ऐकून खारेपाटातल्या मंडळींना नवल वाटेल. पेण-अलिबागच्या खारेपाटात आपले लोक समुद्राचे पाणी शेतात शिरू नये म्हणून जन्मभर बांध राखत. एक खांड पडले की भाताचे पीक गेले. येथे खारट पाणी मोजून-मापून झाडाच्या मुळाशी नेतात. अर्थात मीठ मातीत साचत जातेच. हिवाळ्याच्या पावसाने ते धुऊन खाली न्यावे लागते, आणि पाऊस कमी झाला तर निराळी काळजी घ्यावी लागते. मचूळ पाण्यावरचे शेत कायम राहील की नाही, हे या मिठाच्या हिशेबावर ठरते.

तेल गाळणे हा तर आपला बापजाद्यांचा धंदा. कोकणात आपल्याला शनवार तेली म्हणत, ते घाण्याला शनिवारी सुट्टी असे म्हणून. पण वसंतात जैतुनाचा घाणा चालू दिसणार नाही, कारण फळ शरद ऋतूत उतरते. वसंताच्या शेवटी झाडाला बारीक पांढरट मोहोर येतो, तो पाहावा. घाणा पाहावयाचा असेल तर सुक्कोतनंतर पुन्हा एक फेरी करावी.

माणसाचा हिशेब

या एकाकी शेतांची गोष्ट सरळ नाही. एका कुटुंबाला उघड्या माळावर एवढी जमीन द्यावी का, यावर या देशात बरीच वर्षे वाद झाला. मोकळा निसर्ग तुकड्यातुकड्यांनी व्यापला जाईल, असे पर्यावरणवाद्यांचे म्हणणे होते. बेदुईनांची कितीतरी गावे मान्यतेवाचून असताना या शेतांना मान्यता का, असे त्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्यांचे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. २०१० साली क्नेसेटने कायद्यात दुरुस्ती करून या शेतांना मान्यता मिळण्याची वाट करून दिली. पाहावयास जाणाऱ्याला ही बाजूही ठाऊक असावी, म्हणून सांगितली. शेत सुंदर दिसले म्हणून प्रश्न संपत नाहीत.

मान्यता मिळाली तरी पोटाचा प्रश्न उरतोच. शेळीच्या साधारण दहा लिटर दुधाचे एक किलो कडक चीज होते. त्यात चारा, पाणी, वीज, मजुरी मिळवा, म्हणजे दुकानातल्या पिवळ्या चीजपेक्षा ते महाग का, हे वेगळे सांगावयास नको. लहान शेताला मोठ्या दुकानाच्या भावाशी टक्कर देता येत नाही. दारी येणारे गिऱ्हाईक हाच त्याचा आधार. ऑक्टोबर २०२३ नंतर हे फार जाणवले. हिंडावयास जाणे थांबले. शेतीवर काम करणारे थायलंडचे अनेक मजूर मायदेशी परतले. देशभरातून स्वयंसेवक शेतांवर धावले, आणि त्यांत निवृत्त मंडळीही पुष्कळ होती. वाकून टोमॅटो तोडणे आपल्या गुडघ्यांना झेपणार नाही. पण वर्षातून एकदा जाऊन दोनशे ग्रॅम चीज, एक बाटली तेल विकत घेणे झेपते. शेत कायम राहण्यात आपलाही एवढा वाटा असू शकतो.

विकत घेण्यापूर्वी

पहिला प्रश्न आरोग्याचा. दूध तापवून निर्जंतुक केलेले आहे का, म्हणजे ‘मेफुस्तार’ आहे का, हे विचारल्यावाचून शेळीचे चीज खाऊ नये. कच्च्या दुधातून ‘कदाहात माल्टा’, म्हणजे माल्टा ताप, होतो. नेगेवमध्ये हा आजार आहे, आणि म्हाताऱ्या माणसाला तो महिनोन्‌महिने छळतो. परवाना असलेल्या शेतावर पाश्चरीकरण केलेले असते. रस्त्याच्या कडेला बिनलेबलाचे चीज मिळते, ते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

दुसरा प्रश्न कश्रुतचा. सगळ्याच शेतांकडे तेउदा नसते, आणि काही शब्बाथलाही उघडी असतात. फोन करतानाच विचारून घ्यावे. विचारण्यात संकोच नको, तेही सरळ उत्तर देतात. पेसाहसाठी चीज घ्यावयाचे असेल तर पेसाहला कशेर आहे का, हे वेगळे विचारावे लागते. फळे व तेल थेट शेतातून घेताना तेरुमोत व मासेरोत काढले आहेत का, हे पाहावे. नसतील तर घरी काढावे लागतात. नव्या बागेत पहिल्या तीन वर्षांचे फळ ओर्ला, म्हणून तोही प्रश्न असतो. आणि सातव्या वर्षी शमिता. मागची शमिता ५७८२ साली, म्हणजे २०२१-२२ मध्ये झाली. पुढची ५७८९ साली, २०२८-२९ मध्ये येईल. कायम राहणाऱ्या शेतीची जी चर्चा आज चालते, तिच्यातले जमिनीला विसावा देण्याचे कलम आपल्या तोरात कधीचेच लिहिलेले आहे.

प्रकृती सांभाळून

आदल्या दिवशी फोन करावा. लहान शेतावर सारे काम घरचीच माणसे करतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुकान बंद असू शकते आणि शुक्रवारी गर्दी होते. फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात: मोटार दारापर्यंत येते का, पायऱ्या किती, आणि शौचालय कोठे. बस या रस्त्याने जाते, परंतु थांब्यापासून शेत दूर असते, म्हणून मोटार असलेल्या शेजाऱ्याला बरोबर घ्यावे.

सकाळी आठपूर्वी निघावे आणि दोनपर्यंत परतीला लागावे. प्रत्येकी दीड-दोन लिटर पाणी, टोपी, बंद बूट, औषधे, आणि चीजसाठी बर्फाची पिशवी. शराव सुटणार असा हवामानाचा अंदाज असेल तर बेत पुढे ढकलावा. पेसाहच्या सुमारास तो एकाएकी येतो आणि हवेतला ओलावा शोषून घेतो. तहान लागली हे कळण्याआधीच चक्कर येते. उलट, पावसाचा इशारा असेल तरी जाऊ नये. आपल्या डोक्यावर ऊन असते आणि दूरच्या टेकडीवर पडलेल्या पावसाचा लोंढा नालीतून येतो. रस्त्यावर पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढे दिसले तरी मोटार त्यात घालू नये. अवदातच्या उद्यानात ज्येष्ठ नागरिकांना तिकिटात सवलत आहे, म्हणून ओळखपत्र बरोबर असावे.

नातवंडांना घेऊन जावे

शेवटी एक विनंती. ही फेरी समवयस्कांबरोबर करावीच, पण एकदा तरी नातवंडांना घेऊन करावी. या मुलांना दूध पिशवीतून येते एवढे ठाऊक असते. त्यांच्या हातात मोबाईल असतो आणि त्यात जगातली सगळी माहिती असते. पण बांधाचा दगड असा का बसवला, खालच्या अंगाला मोठा आणि वर लहान का, लेंडीखत हाताला कोमट लागले म्हणजे ते अजून कुजावयाचे आहे, या गोष्टी त्यात पटकन सापडत नाहीत. त्या आपल्याला येतात, आणि त्या सांगण्याची जागा दिवाणखाना नव्हे. बांधावर उभे राहिले की आठवतात, आणि मुलांनाही तेथेच पटतात. मराठी शब्द तोंडात येतील ते तसेच येऊ द्यावेत. ‘करडू’ आणि ‘बांध’ हे दोन शब्द जरी मुलाने घरी नेले तरी पुष्कळ झाले.

आपल्यातली पुष्कळशी मंडळी या देशात आली ती कारखान्यांत, कचेऱ्यांत, इस्पितळांत कामाला लागली. नेगेवमध्ये पन्नास-साठ वर्षे राहूनही येथल्या मातीशी अनेकांचा संबंध अंगणातल्या कढीपत्त्याच्या आणि शेवग्याच्या झाडापुरताच आला. ज्यांनी लहानपणी भात लावला, घाणा पाहिला, खारबांधावर माती टाकली, ते आता आमच्यात थोडेच उरले आहेत. त्यांना मोटारीत पुढच्या जागी बसवून घेऊन जा, आणि शेतमालकाशी त्यांनाच आधी बोलू द्या. हिब्रू अडले तर नातवंडे दुभाषी होतील. आपण कोणते शेत पाहिले, तेथे पाण्याचा हिशेब कसा होता, हे आम्हांस अवश्य लिहून कळवावे. पुढच्या वसंतातली वाट त्यावरून ठरवता येईल.